भोगीची भाजी

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, आमच्या दिंडीची पंगत असते. घरोघरचा वाटा येतो: पावटा, ओला हरभरा, वांगी, गाजरं, बोरं. वरून तिळाचा कूट, आन् जोडीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी. सावता महाराजांनी १२९५ साली अरणला समाधी घेतली. त्यांच्या मळ्यात मिरची नव्हती, भुईमूगबी नव्हता. १५१० ला पोर्तुगीजांनी गोवा घेतलं, त्यानंतर ही पिकं आपल्याकडं आली. आधी तिखटाला मिरी असायची. आता माउली, कढईत पसाभर मिरची पडते, कुणी सोवळं मधे आणत नाही. पण आमच्या लहानपणी गावकुसाबाहेरच्या घरांचा पावटा निराळा ठेवायचे. एका भोगीला थोरल्या टाळकऱ्यांनी तोच आधी कढईत ओतला. दोन घरं पंगतीतनं उठून गेली. एक परत आलं.