पेटीवरचे वॉट आणि मोजणाऱ्याचा काटा
ध्वनिसामग्रीच्या आकड्यांवर विश्वास ठेवावा तो कशाच्या आधारावर?

काटोल : गणेशोत्सव, नवरात्र आणि त्यामागोमाग येणारी लग्नसराई. काटोल-नरखेड पट्ट्यातील साउंड सर्व्हिसवाल्यांचा वर्षाचा धंदा या काही महिन्यांवर अवलंबून असतो. त्यासाठी लागणारे अ‍ॅम्प्लिफायर, बेसच्या पेट्या, टॉप आणि मिक्सर यांची खरेदी बहुधा नागपुरात होते आणि ती करताना डोळ्यांसमोर असतो तो पेटीवर छापलेला वॉटचा आकडा. संत्र्याचा किंवा कापसाचा व्यवहार करताना हाच ग्राहक काट्यावर वजनमापे खात्याचा शिक्का आहे की नाही, हे पाहतो. इलेक्ट्रॉनिक काट्याची दर बारा महिन्यांनी पडताळणी करून घेण्याचे बंधन व्यापाऱ्यावर असते. वॉटच्या आकड्यामागे मात्र असा कोणताही शिक्का नसतो. तो आकडा कोणी मोजला, कोणत्या यंत्राने आणि कोणत्या अटींवर, हे प्रश्न दुकानाच्या काउंटरवर क्वचितच विचारले जातात.

या आकड्यांची महती किती फसवी असू शकते, याचा अनुभव १९९०च्या दशकात व त्यानंतर टेपरेकॉर्डर आणि म्युझिक सिस्टीम घेणाऱ्या घराघराने घेतला आहे. खोक्यावर ठळक अक्षरांत हजार, दोन हजार ‘वॉट पीएमपीओ’ असे लिहिलेले असे. पीएमपीओ म्हणजे ‘पीक म्युझिक पॉवर आउटपुट’. या मापाची सर्वमान्य व्याख्याच नाही. क्षणार्धात, आवाज कितीही फाटलेला असताना, सर्व स्पीकरची बेरीज करून काढलेला कल्पित आकडा, एवढाच त्याचा अर्थ. त्याच यंत्राच्या पाठीमागची वीजवापराची पट्टी वाचली तर तेथे ‘२३० व्होल्ट, २५ वॉट’ असा नम्र मजकूर आढळे. पंचवीस वॉट वीज घेणारे यंत्र सलग हजार वॉटचा आवाज देऊ शकत नाही, हे समजण्यासाठी शाळेतील पदार्थविज्ञान पुरे आहे. हा हिशेब आजच्या लहान ब्लूटूथ स्पीकरलाही लागू पडतो. ५ व्होल्ट, २ अँपिअरच्या पुरवठ्यावर चालणाऱ्या यंत्राला मिळणारी वीजच १० वॉट असते. मोठ्या व्यावसायिक अ‍ॅम्प्लिफायरच्या बाबतीत मात्र हा हिशेब जपून करावा लागतो, कारण त्यावरील वीजवापराचा आकडा पुष्कळदा पूर्ण क्षमतेचा नसून संगीत वाजवतानाच्या सरासरी वापराचा दिलेला असतो.

वॉटचा आकडा अर्थपूर्ण होण्यासाठी त्याच्यासोबत किमान चार गोष्टी सांगाव्या लागतात. अ‍ॅम्प्लिफायरला किती ओहमचा भार जोडला होता, कोणत्या वारंवारतांमध्ये मोजणी झाली, आवाजात किती टक्के विरूपण मान्य केले आणि हा जोर किती वेळ टिकला? यांपैकी एकही अट सैल केली की आकडा फुगतो. ८ ओहमऐवजी ४ ओहम जोडा, एक टक्क्याऐवजी दहा टक्के विरूपण चालवून घ्या, पूर्ण श्रेणीऐवजी केवळ १००० हर्ट्झचा एकच स्वर वाजवा. यंत्र तेच राहते आणि वॉट वाढतात.

अमेरिकेत १९६०च्या दशकात हाच गोंधळ माजला होता. अखेर तेथील फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये घरगुती अ‍ॅम्प्लिफायरच्या जाहिरातींसाठी नियम केला आणि सलग देता येणारा जोर ठरावीक पद्धतीने मोजूनच जाहीर करावा, असे बंधन घातले. तरीही भार, वारंवारता आणि विरूपण यांची निवड उत्पादकाच्या हातात राहिली होती. ही फट २०२४ मधील दुरुस्तीने बुजवण्यात आली. जाहिरातीतील जोर ८ ओहम भारावर, २० ते २०,००० हर्ट्झ या पूर्ण श्रेणीत आणि एक टक्क्याहून कमी विरूपणात मोजलेला असावा, असे आता तेथे अपेक्षित आहे. एक साधा आकडा सरळ करण्यासाठी नियामकाला पन्नास वर्षे लागली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

भारतात ग्राहकाचा एक गैरसमज हमखास होतो. पेटीवर भारतीय मानक ब्युरोची नोंदणी-खूण दिसली की आत लिहिलेले सर्व काही सरकारने तपासले आहे, असे त्याला वाटते. वस्तुत: इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीचा जो आदेश २०१२ मध्ये निघाला, त्यात मोठे अ‍ॅम्प्लिफायर आणि २०० वॉट व त्याहून अधिक वीज घेणाऱ्या संगीतयंत्रणांचा समावेश असला तरी त्यांना लावलेले मानक सुरक्षिततेचे आहे. यंत्राने शॉक बसू नये, आग लागू नये, एवढीच हमी त्यातून मिळते. यंत्र सांगितलेले वॉट देते की नाही, आवाज स्वच्छ आहे की फाटका, याच्याशी त्या खुणेचा संबंध नाही.

फुगवलेल्या आकड्याची किंमत व्यावसायिकाला रोख मोजावी लागते. ‘हजार वॉट’चा म्हणून घेतलेला अ‍ॅम्प्लिफायर प्रत्यक्षात त्याच्या निम्माही नसेल, तर वरातीत आवाज पुरत नाही आणि चालक बटण चढवत जातो. अ‍ॅम्प्लिफायरची मर्यादा संपली की ध्वनिलहरींची टोके कापली जातात, आवाज फाटतो आणि त्यातून उठणारी उष्णता स्पीकरची कॉइल जाळते. ऐन मिरवणुकीत टॉप उडतात ते बहुधा असेच. स्पीकरच्या बाबतीत अमेरिकेच्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीने १९८४ मध्ये घालून दिलेली पद्धत व्यावसायिक जगतात प्रचलित आहे. त्यात स्पीकरला दोन तास सलग विशिष्ट गोंगाटाचा मारा सोसावा लागतो. पत्रकात ‘एईएस’ असा उल्लेख असलेला आकडा आणि नुसता ‘पीक’ म्हणून दिलेला आकडा यांत चौपट अंतर पडू शकते. शिवाय वॉट दुप्पट झाले तरी आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. त्यामुळे एक वॉटला एक मीटरवर ९० डेसिबल देणाऱ्या स्पीकरपेक्षा ९६ डेसिबल देणारा स्पीकर चौथाई जोरात तेवढाच वाजतो. खरेदीच्या वेळी पाहायचा आकडा खरे तर हा. पण तोही निर्मळ नाही. ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले की प्रत्यक्षात दोन वॉट जातात आणि पत्रकात ३ डेसिबल फुकट वाढतात.

उत्पादकावर विश्वास नसेल तर त्रयस्थ परीक्षकाकडे जावे, हे स्वाभाविकच. पण त्रयस्थाची विश्वासार्हताही गृहीत धरता येत नाही, हे दाखवणारा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. १९३६ पासून चालत आलेली कन्झ्युमर्स युनियन ही ग्राहकसंस्था वस्तू बाजारातून स्वत: विकत घेते, जाहिराती स्वीकारत नाही आणि निकाल आपल्या मासिकात छापते. १९७०च्या मे महिन्यातील अंकात तिने बोस कंपनीच्या ९०१ या स्पीकरची परीक्षा प्रसिद्ध केली. या स्पीकरमधून ऐकू येणारी वाद्ये खोलीभर भटकतात, अशा आशयाचे विधान त्यात होते. कंपनीने १९७१ मध्ये दावा ठोकला. परीक्षण करणाऱ्या अभियंत्याच्या साक्षीतून असे निघाले की आवाज खोलीभर फिरला नव्हता. दोन स्पीकरमधल्या भिंतीलगत तो सरकल्यासारखा वाटला होता. कनिष्ठ न्यायालयाने विधान असत्य ठरवून कंपनीच्या बाजूने निकाल दिला. अपिलात तो फिरला आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ग्राहकसंस्थेला दोषमुक्त केले. शब्दाची निवड चुकली असली तरी त्यामागे जाणीवपूर्वक खोटेपणा सिद्ध होत नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ. वाद तेरा वर्षे चालला तो एका क्रियाविशेषणासारख्या शब्दप्रयोगावर. कानाने घेतलेल्या अनुभवाचे वर्णन कितीही प्रामाणिक असले तरी दुसऱ्याला ते ताडून पाहता येत नाही, ही खरी अडचण होती.

ही अडचण दूर करण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात फ्लॉइड टूल या शास्त्रज्ञाला द्यावे लागेल. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत त्यांनी पडद्याआड स्पीकर ठेवून, नाव व किंमत न सांगता श्रोत्यांची मते घेतली आणि ती प्रतिध्वनिरहित कक्षातील मोजमापांशी ताडून पाहिली. नाव झाकले की मते एकमेकांच्या बरीच जवळ येतात आणि ती मोजमापांशी जुळतात, असे त्यातून आढळले. पुढे याच कामातून २०१३ मध्ये ‘सीईए-२०३४’ हे अमेरिकी मानक तयार झाले. त्यात स्पीकर आडव्या व उभ्या दिशेने दर दहा अंशांवर फिरवून एकूण ७० ठिकाणचा आवाज नोंदवला जातो. कोणतीही सुसज्ज प्रयोगशाळा हे पुन्हा करून पाहू शकते आणि निकालात फरक पडला तर जाब विचारू शकते.

आलेख छापला म्हणजे पारदर्शकता आली, असेही नाही. उभ्या अक्षावर एका घरात ५ डेसिबलऐवजी २० डेसिबल बसवले की डोंगरदऱ्यांचा आलेख सपाट मैदान होतो. मोजलेल्या बिंदूंची मोठ्या पट्ट्यांत सरासरी काढली की खड्डे बुजतात. स्पीकर मोकळ्या हवेत टांगला होता की जमिनीवर ठेवला होता, यानेही खालच्या स्वरांत ६ डेसिबलपर्यंत फरक पडतो. ज्या परीक्षणात अंतर, मायक्रोफोन, त्याच्या कॅलिब्रेशनची तारीख, अक्षाचे प्रमाण आणि सरासरीची रुंदी दिलेली नाही, तो आलेख सजावटीपुरता समजावा. यंत्र विकत घेतले की कंपनीने पाठवले, हेही तेवढेच महत्त्वाचे. कंपनी निवडून पाठवते तो नग आणि दुकानात मिळतो तो नग एकच असेल, याची खात्री नसते. भारतात जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेनुसार फुकट मिळालेली वस्तू, सवलत वा मानधन यांचा उल्लेख शिफारस करणाऱ्याने ठळकपणे करणे आवश्यक आहे. त्यापूर्वी नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन ग्राहक-अभिप्रायांसाठी ‘आयएस १९०००’ हे मानक जाहीर केले. मात्र ते ऐच्छिक आहे.

सामग्री विकत घेताना वॉट मोजले जात नाहीत. ती रस्त्यावर वाजू लागली की मात्र डेसिबल मोजले जातात. येथे मोजणारे पोलीस वा प्रदूषण नियंत्रण मंडळ असते आणि आकड्यावर गुन्हा उभा राहतो. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर दिलेल्या निकालात पोलिसांना ध्वनिमापक यंत्रे पुरवण्याबाबत निर्देश दिले. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ही मर्यादा ‘ए’ या मानवी कानाशी जुळवलेल्या श्रेणीवरील, ठरावीक काळाच्या सरासरीची आहे. वृत्तपत्रांत दुसऱ्या दिवशी झळकणारा ‘११० डेसिबल’ हा पुष्कळदा क्षणिक कमाल आकडा असतो. या दोन आकड्यांची सरळ तुलना करता येत नाही आणि बातमीत हा भेद अभावानेच सांगितला जातो.

‘ए’ श्रेणीची दुसरी बाजू डीजेच्या भिंतीसमोर राहणाऱ्यांनी जाणून घ्यावी. ही श्रेणी खालच्या स्वरांना मोठी वजावट देते. १०० हर्ट्झला सुमारे १९, तर ५० हर्ट्झला ३० डेसिबलची. म्हणजे ५० हर्ट्झचा १०५ डेसिबलचा बेस मीटरवर केवळ ७५ दिसेल. खिडकीची तावदाने थरथरतात, छातीत धडधडते आणि यंत्र मात्र सौम्य आकडा दाखवते, यात यंत्राचा दोष नाही. हीच मोजणी ‘सी’ श्रेणीवर केली तर वजावट जवळपास नाहीशी होते. त्यामुळे अहवालात श्रेणीचा उल्लेख नसेल तर कायद्याच्या मर्यादेशी तो ताडूनच पाहता येत नाही.

यंत्राची विश्वासार्हता एका साखळीवर उभी असते. मोजणीपूर्वी व नंतर मायक्रोफोनवर छोटे कॅलिब्रेटर बसवून ९४ डेसिबलचा ठरावीक स्वर ऐकवला जातो. त्या कॅलिब्रेटरची तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत होते आणि त्या प्रयोगशाळेची मापे अखेर नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील मानकाशी जोडलेली असतात. मोबाइलवरील अ‍ॅपच्या पाठीशी अशी साखळी नसते. म्हणून तक्रार करण्यापूर्वीचा अंदाज, एवढाच त्याचा उपयोग. मुंबईत सुमेरा अब्दुलाली यांच्या आवाज फाउंडेशनने उत्सवांतील आवाजाच्या नोंदी वर्षानुवर्षे स्थळ आणि वेळेसह जाहीर केल्या. दिवाळीपूर्वी चेंबूरच्या आरसीएफ मैदानावर फटाक्यांची चाचणी मंडळ, पोलीस आणि ही संस्था यांच्या एकत्रित उपस्थितीत झाली आहे. एकाच मोजणीवर तिघांची नजर असली की नंतर आकड्यावरून वाद घालणे अवघड जाते.

पेटीवरील दाव्याला आव्हान द्यायचे असेल तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये त्याची सोय आहे. पुरेशा व योग्य चाचणीवर आधारलेली नसताना कामगिरीची हमी देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते आणि चाचणी झाली होती, असा बचाव घेतल्यास ती सिद्ध करण्याची जबाबदारी बचाव घेणाऱ्यावर असते. व्यावसायिक कारणासाठी केलेली खरेदी या कायद्याबाहेर असली तरी केवळ स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठी घेतलेली सामग्री याला अपवाद आहे. एकट्याच्या बळावर साउंड सर्व्हिस चालवणारा तरुण त्यामुळे ग्राहक ठरू शकतो. तक्रार राहत्या ठिकाणच्या जिल्हा आयोगाकडे करता येते. काटोलकरांसाठी तो नागपुरात आहे. मुदत दोन वर्षांची असून मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. दोष चाचणीशिवाय ठरवता येत नसेल तर आयोग वस्तूचा नमुना मोहोरबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवतो. चाचणीचा खर्च तक्रारदाराला आधी जमा करावा लागू शकतो आणि प्रयोगशाळेने अहवाल ४५ दिवसांत किंवा आयोगाने वाढवून दिलेल्या मुदतीत द्यायचा असतो. त्यासाठी बिल, खोके आणि ज्यावर आकडा छापला आहे ते पत्रक जपून ठेवावे लागते.