कासरा, लगाम आणि चावी

दुचाकीच्या शोरूममध्ये गिऱ्हाईकाला नवी गाडी चालवून पाहू देतात, ह्या गोष्टीला कोणी इतिहासाचा विषय मानणार नाही. टेस्ट राईड म्हणजे दहा मिनिटांचे काम. लायसन्स दाखवायचे, वहीत नाव-पत्ता लिहून सही करायची, सेल्समन मागे बसतो किंवा दारात उभा राहतो, आणि आपण सेक्टरला एक फेरी मारून यायचे. नवी मुंबईत वाशी-नेरूळपासून पनवेलपर्यंत हे दृश्य दर रविवारी दिसते. परंतु हीच दहा मिनिटे आपल्या समाजाच्या बाजूने पाहिली, तर त्यांत एक मोठा व्यवहार दडलेला आहे. पैसा हाती पडण्यापूर्वी, केवळ माणसावर भरवसा ठेवून, आपल्या मालकीचे वाहन दुसऱ्याच्या हाती देणे हा तो व्यवहार. आपल्याला वाहनात बसू दिले नाही ह्याचे दाखले आपण भाषणांतून पुष्कळ दिले. वाहन हाकायचे कोणी, ह्याचा विचार मात्र फारसा झालेला नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत १९०१ सालचा एक प्रवास सांगितला आहे. वडील कोरेगावला नोकरीवर होते आणि मुले साताऱ्याहून त्यांच्याकडे निघाली होती. मसूर स्टेशनवर उतरल्यावर ही महारांची मुले आहेत असे कळले आणि एकही गाडीवान तयार होईना. अखेर तोड निघाली ती अशी की भाडे दुप्पट द्यायचे, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने पायी चालणार. हा प्रसंग आपण पाण्यासाठी सांगतो, कारण वाटेत त्या लेकरांना घोटभर पाणी मिळाले नाही. मला त्यातला कासराही तितकाच महत्त्वाचा वाटतो. गाडी विटाळत नाही, बैल विटाळत नाहीत, दुप्पट पैसे तर मुळीच विटाळत नाहीत. विटाळतो तो फक्त शेजारी बसणारा माणूस! मुलांच्या हाती कासरा आला तो भरवशाने नव्हे, विटाळाच्या भीतीने.

अठ्ठावीस वर्षांनी हाच प्रकार चाळीसगावला घडला, आणि तो जिवावर बेतला. १९२९ साली बाबासाहेब मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीचे सभासद होते. खानदेशातील काम आटोपून परतताना चाळीसगावच्या महार मंडळींनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला. स्टेशनपासून महारवाडा पायी जाण्याच्या अंतरावर होता, पण पाहुण्याला पायी न्यायचे कसे? टांगेवाले महाराला घेऊन टांगा हाकायला तयार नव्हते. मग टांगा भाड्याने घ्यायचा आणि हाकायचा आपल्यापैकीच कोणीतरी, असे ठरले. ज्याने लगाम धरला त्याने पूर्वी कधी टांगा हाकलेला नव्हता. वाटेत एका मोटारीशी टक्कर होता होता वाचली आणि पुढे नदीवरच्या कठडे नसलेल्या फरशीवर चाक अडकून बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, घोडा आणि टांगा खाली पात्रात गेला. पायाचे हाड मोडले. बॅरिस्टर झालेल्या माणसापेक्षाही टांगेवाला स्वतःला उच्च समजतो, ही नोंद त्यांनी स्वतः करून ठेवली आहे. मी त्यात एवढीच भर घालीन की त्या दिवशी लगाम धरणाऱ्या अनामिक बांधवाला शिकायची संधीच कधी मिळाली नव्हती. सरावासाठी त्याला टांगा कोण देणार होते? घोड्याच्या पाठीवर आणि गाडीच्या बैठकीवर पिढ्यान्‌पिढ्या ज्याला बसू दिले नाही, त्याच्या हाती ऐन प्रसंगी लगाम द्यायचा, आणि अपघात झाला की ह्यांना जमत नाही म्हणून हसायचे, ही जुनी रीत आहे.

पुढच्याच वर्षी, १९३० च्या रामनवमीला, नाशिकला काळाराम मंदिराच्या रथाचे दोर दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून ओढायचे असा समझोता झाला होता. आपल्या माणसांचा हात दोराला लागण्यापूर्वीच सनातन्यांनी रथ पळवून नेला. पुढचे दगड आणि मारामारी सर्वांना ठाऊक आहे.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले, ते मुख्यतः नोकरीमुळे. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली. पुढे राखीव जागांतून आमची माणसे ड्रायव्हर झाली आणि साऱ्या गावाचे उतारू त्यांच्या मागे मुकाट बसले. ह्या क्रांतीवर कोणी कविता लिहिल्याचे मला आठवत नाही. परंतु ते वाहन सरकारचे होते. स्वतःच्या वाहनाची गोष्ट निराळी. परवान्यांच्या त्या काळात दुचाकी मिळणे हेच दिव्य होते. आकुर्डीच्या बजाज कारखान्याची चेतक १९७२ साली आली; तिच्यासाठी अनामत भरून वर्षानुवर्षे, कुठे कुठे दहा वर्षे, थांबावे लागे. परकीय चलन असणाऱ्याला मात्र लवकर मिळे. अशा बाजारात चालवून पाहण्याचा प्रश्नच नव्हता. गिऱ्हाईक हा अर्जदार होता आणि अर्जदाराला चाचणी कोण देतो? आमच्या वसाहतीत पहिल्या स्कूटरी आल्या त्या सरकारी नोकरीतल्या वाहन अग्रिमावर. म्हणजे राखीव जागा, मग नोकरी, मग अग्रिम, आणि शेवटी स्कूटर.

१९८४-८५ मध्ये जपानी कंपन्यांच्या भागीदारीत शंभर सी.सी.च्या मोटारसायकली आल्या. आधी इंड-सुझुकी, मग हिरो होंडाची सीडी १०० आणि यामाहाची आरएक्स १००. १९९१ नंतर परवाने गेले, कारखाने वाढले, आणि माल दुकानात उभा राहून गिऱ्हाईकाची वाट पाहू लागला. टेस्ट राईडचा रिवाज सर्वत्र रुजला तो ह्यातून. ती कोणाची कृपा नव्हे. उभा असलेला माल खपवायचा तर चावी पुढे करावीच लागते.

नवी मुंबई ह्याच काळात भरत होती. सिडको १९७० साली स्थापन झाली. ठाणे, पनवेल, उरण भागातल्या पंचाण्णव गावांची जमीन संपादनात गेली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले, आणि साडेबारा टक्क्यांची योजना त्या लढ्यातून आली. परंतु भरपाईचा मुख्य हिशेब सातबाऱ्यावरून झाला, आणि सातबाऱ्यावर आपले नाव किती ठिकाणी होते? दुष्काळाने मराठवाड्यातून उठलेली आपली माणसे तुर्भे, दिघा, रबाळे ह्या पट्ट्यात खाणींवर, कारखान्यांत, बाजारात आली आणि झोपडपट्टीत राहिली. शोरूमच्या वहीत पत्ता लिहावा लागतो, तेव्हा हा सारा इतिहास एका ओळीत समोर येतो.

दोन वर्षांपूर्वी मी भाचीबरोबर अशा एका शोरूममध्ये गेलो. ती परिचारिका आहे, रात्रपाळी असते, आणि तिला दीडशे सी.सी.ची मोटारसायकलच घ्यायची होती. सेल्समनने आधी मला विचारले, ‘‘मॅडमसाठी स्कूटर दाखवू का?’’ ती म्हणाली, ‘‘मामा चालवत नाहीत, मी चालवते.’’ मग लायसन्स घेतले गेले. आडनाव वाचून झाले. पत्ता वाचून झाला. ‘‘स्टोअरला राहता का? रोख की लोन?’’ नंतर कळले की डेमो गाडी सर्व्हिसिंगला गेली आहे. आम्ही पत्रके चाळत बसलो. वीस मिनिटांनी तीच गाडी दुसऱ्या गिऱ्हाईकासाठी बाहेर काढली गेली; त्याचे लायसन्स कोणी मागितल्याचे मला दिसले नाही.

ह्यात जात किती, वस्ती किती, बाईपण किती आणि निव्वळ आळस किती, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. नेमकी हीच आजची अडचण आहे. चाळीसगावचा टांगेवाला नकार उघड देत होता. आजचा नकार ‘सर्व्हिसिंग’ असे नाव घेऊन येतो. कर्ज देणाऱ्या कंपन्यांच्या बोलीत ‘निगेटिव्ह एरिया’ असा एक शब्द आहे. महारवाडा हा शब्द न उच्चारता महारवाड्याला वगळण्याची सोय त्यात झाली आहे.

कायदा काय म्हणतो तेही कार्यकर्त्यांनी पाहावे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी व्यापार प्रमाणपत्रावरची गाडी संभाव्य खरेदीदाराच्या वाजवी चाचणीसाठी रस्त्यावर आणण्यास मोकळीक दिली. ही मोकळीक विक्रेत्याला आहे; गिऱ्हाईकाचा हक्क म्हणून ती लिहिलेली नाही. परंतु नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ चे सहावे कलम सांगते की इतरांना ज्या वेळी, ज्या ठिकाणी आणि ज्या अटींवर माल विकला जातो किंवा सेवा दिली जाते, त्याच वेळी, त्याच ठिकाणी आणि त्याच अटींवर ती अस्पृश्यतेच्या कारणावरून नाकारणे हा गुन्हा आहे. बारावे कलम तर अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत असे कृत्य घडल्यास ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झाले असे न्यायालयाने गृहीत धरावे म्हणते. उलट सिद्ध करण्याचा भार दुसऱ्यावर. चाचणी फेरीची वही हा ह्या बाबतीत चांगला पुरावा आहे. कोणाला किती वाजता चावी दिली ते त्यात लिहिलेले असते. भाचीने तक्रार केली नाही. तिला सात वाजता ड्युटी होती. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या दुकानी तिने फेरी मारली, परत येऊन क्लच जड आहे म्हणाली, आणि तिसरीच गाडी घेतली.

गाडी घेतल्यावरही प्रश्न संपत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये तामिळनाडूच्या शिवगंगा जिल्ह्यात एका दलित महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या हातांवर वार झाले. तो बुलेट चालवतो हेच त्याचे कारण, अशी त्याच्या घरच्यांची तक्रार होती. वार हातांवर झाले, हे ध्यानात घ्यावे. हँडल हातांनीच धरतात.

आपल्या वस्तीत पहिली दुचाकी कोणी, कोणत्या साली, कोणत्या पैशाने घेतली आणि ती चालवायला कोणी शिकवले, हे विद्यार्थ्यांनी घरोघर विचारून लिहून घ्यावे. बुकिंगच्या पावत्या, अग्रिमाचे कागद रद्दीत जात आहेत. मी आमच्या वसाहतीत सुरुवात केली आहे. आजवर हाती आलेली सर्वांत जुनी पावती १९८१ ची, टपाल खात्यातल्या एका गृहस्थांची आहे. स्कूटर १९८८ साली मिळाली. तोवर ते निवृत्त झाले होते, आणि ती शेवटपर्यंत त्यांच्या मुलीनेच चालवली.