एक इंचाचा वैमानिक

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

सहा फूट उंचीचा माणूस बहात्तर पटींनी लहान केला, तर तो बरोबर एक इंचाचा होतो. हा हिशेब तोंडी करता येतो. जगभरातली हौशी मंडळी जुन्या लढाऊ विमानांच्या प्लॅस्टिकच्या ज्या प्रतिकृती जोडत बसतात, त्यांतल्या कितीतरी एकास बहात्तर या प्रमाणात असतात, त्याचं मूळ या एक इंचाच्या माणसात आहे. १९३२ साली इंग्लंडमध्ये ‘स्कायबर्ड्‌स’ या नावानं विमानांचे लाकडी संच विक्रीला आले. जेम्स हे स्टीव्हन्स यांनी ते आखले होते. लाकडाचे तुकडे आणि धातूचे काही बारीक भाग मिळायचे. ते तासायचे, पॉलिश पेपरनं घासायचे आणि जोडायचे. एकट्यानं करण्यापेक्षा चौघांत बसून करण्यात मजा आहे हे विकणाऱ्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण ते बनवणाऱ्यांचे क्लब आणि त्या क्लबांची ‘स्कायबर्ड लीग’ही लवकरच उभी राहिली. पुढं फूट आणि इंच बऱ्याच देशांतून गेले. फ्रान्स, जपान हे तर मीटरवाले देश. तरी बहात्तर टिकून आहे. सातबाऱ्यावर हेक्टर आला म्हणून आपल्या तोंडचा गुंठा कुठं गेलाय?

प्लॅस्टिकचं पहिलं पाऊल १९३६ चं. ‘फ्रॉग’ नावाची इंग्लिश कंपनी रबराच्या पिळावर उडणारी खेळण्यातली विमानं विकायची. ‘फ्लाइज राइट ऑफ द ग्राउंड’, म्हणजे जमिनीवरून थेट उडतं, या शब्दांच्या आद्याक्षरांवरून ते नाव पडलं होतं. या कंपनीनं न उडणाऱ्या विमानांचे संच काढायचं ठरवलं, तेव्हा त्या मालिकेला नाव दिलं ‘पेंग्विन’. पंख आहेत, उडत नाही. नाव ठेवणाऱ्याला मी मनातल्या मनात दाद देत आलोय. ग्लॉस्टर ग्लॅडिएटर हे दुपंखी विमान त्यातल्या पहिल्या काहींपैकी एक. प्लॅस्टिक मात्र सेल्युलोज ॲसिटेटचं होतं, आणि ते वर्षानुवर्षांत मुरडतं. त्या काळातलं एखादं पेंग्विन आज संग्राहकाच्या कपाटात दिसलंच, तर त्याचे पंख उन्हात ठेवलेल्या पापडासारखे वाकलेले असू शकतात.

मग युद्ध आलं आणि हा खेळ एकदम गंभीर झाला. ब्रिटननं युद्ध पुकारल्याला तीनच दिवस झाले होते. ६ सप्टेंबर १९३९ च्या सकाळी रडारच्या माहितीत घोटाळा झाला, शत्रू येतोय अशी हूल उठली आणि एसेक्सच्या आकाशात ब्रिटिश स्पिटफायर विमानांनी ब्रिटिशांचीच दोन हरिकेन पाडली. एक वैमानिक वाचला. दुसरा, माँटेग्यू हल्टन-हॅरप, मारला गेला. त्या युद्धात मेलेला तो पहिला ब्रिटिश लढाऊ वैमानिक, आणि स्पिटफायरनं पाडलेलं पहिलं विमान शत्रूचं नव्हतं. आपलं विमान आणि परकं विमान यांतला फरक ओळखण्यासाठी वैमानिकाला, तोफवाल्याला, छतावर पहारा देणाऱ्याला मोजके क्षण मिळायचे. पुस्तकातलं चित्र एकाच बाजूनं दिसतं. हातात घेऊन फिरवता येणारी प्रतिकृती मात्र पोटाकडून, शेपटीकडून, तिरकी, कशीही पाहता येते.

म्हणून १९४२ च्या सुरुवातीला अमेरिकन नौदलानं शाळांना साकडं घातलं की आम्हाला पाच लाख विमानं बनवून द्या. पन्नास प्रकारची, प्रत्येकी दहा हजार. नकाशे गेले, आणि शाळांच्या सुतारकामाच्या वर्गांतून मुलं-मुली कामाला लागली. प्रमाण तेच, एकास बहात्तर. रंग काळा, कारण आकाशात विमानाची आकृतीच आधी दिसते. पस्तीस फुटांवर टांगलेलं असं विमान सुमारे अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढं भासतं. पस्तिसाला बहात्तरनं गुणून पाहा. माप चुकलेली विमानं नापास व्हायची. यात मित्रराष्ट्रांची विमानं होती तशी जर्मनीची आणि जपानचीही होती. चौदा वर्षांचा एखादा मुलगा संध्याकाळभर बसून शत्रूचं विमान काळजीपूर्वक घासून गुळगुळीत करतोय, हे चित्र मला नेहमी थोडं अस्वस्थ करतं.

युद्धानंतर पॉलिस्टायरीन आलं. ते स्वस्त, टणक आणि साच्यात नीट उतरणारं. वितळवून पोलादी साच्यात दाबानं सोडलं की पंख, चाकं, पंख्याची पाती सगळं एका चौकटीला लगडून बाहेर येतं. जोडायचं सिमेंट म्हणजे आपला नेहमीचा डिंक नव्हे. ते प्लॅस्टिकचा पृष्ठभाग विरघळवतं, दोन कडा एकमेकींत मिसळतात आणि द्रव उडून गेला की मागं एकसंध तुकडा उरतो. नीट केलेला सांधा हा खरं तर वेल्डिंगचाच भाऊबंद. सिमेंट जास्त झालं तर बोटाचा ठसा पंखावर कायमचा उठतो.

या काळातली ठळक कंपनी म्हणजे ‘एअरफिक्स’. निकोलस कोव्ह या हंगेरीतून आलेल्या निर्वासितानं १९३९ मध्ये ती काढली. हवा भरायची रबरी खेळणी आणि पुढं केसांचे कंगवे, हा तिचा मूळ धंदा. विमानांशी संबंध नव्हता. व्यापारी यादीत नाव वर यावं म्हणून ‘ए’पासून सुरू होणारं नाव घेतलं, असं सांगतात. १९५२ मध्ये ‘गोल्डन हाइंड’ या जहाजाचा छोटा संच वूलवर्थच्या दुकानांत पिशवीत घालून दोन शिलिंगांना विकला गेला. पुढं त्याच दशकात स्पिटफायर आलं. कोव्हसाहेबांचा म्हणे त्याला विरोध होता, विकलं जाणार नाही म्हणून! बापाच्या, काकाच्या पिढीनं चालवलेलं विमान आता पोराच्या खाऊच्या पैशात येऊ लागलं. १९६३ मध्ये ब्रिटनमध्ये मॉडेलकारांची संघटना निघाली, लवकरच तिच्या नावात ‘इंटरनॅशनल’ आलं आणि देशोदेशी शाखा झाल्या. आजही दर नोव्हेंबरला टेलफर्ड या गावी मोठमोठ्या दालनांत टेबलं मांडून तिचा मेळा भरतो. एअरफिक्सला १९८१ मध्ये दिवाळखोरीनं गाठलं, दोनदा मालक बदलले आणि २००६ पासून ती खेळण्यातल्या रेल्वेगाड्या बनवणाऱ्या हॉर्नबीकडे आहे.

कंपन्या बुडतात, साचे बुडत नाहीत. पोलादाचा साचा नीट राखला तर दशकानुदशकं चालतो, म्हणून तो विकला जातो, देश बदलतो. फ्रॉगच्या साच्यांची गोष्ट तर कादंबरीत शोभावी. सत्तरच्या दशकात फ्रॉगचा कारभार आटोपत आला, तेव्हा तिचे साचे सोव्हिएत संघाकडे गेले आणि ‘नोव्हो’ या नावानं तीच विमानं तिथून निघू लागली. सगळी मात्र नाही. जर्मन, जपानी विमानांचे साचे सोव्हिएतांनी घेतले नाहीत. युद्ध संपून तीस वर्षं झाली होती, तरी ज्या विमानांनी आपली शहरं जाळली ती आपल्या कारखान्यात आपल्या मुलांसाठी ओतायची, हे त्यांना नको होतं. ते साचे ‘रेव्हेल’ या कंपनीकडे गेले. मला यात हट्ट दिसत नाही. ज्यांच्या घरातली माणसं गेली, त्यांना खेळण्याचाही आकार बोचतो.

जपानात मात्र उलटं दिसतं. या छंदाची जपानी राजधानी म्हणजे शिझुओका शहर. तामिया, हासेगावा ही नावं मॉडेलकारांच्या तोंडी असतात, ती याच भागातली. आसपास लाकूड मुबलक, म्हणून इथं आधी लाकडी खेळण्यांचा धंदा होता. तामियाचीही सुरुवात लाकडाचीच. परदेशी प्लॅस्टिक संचांनी लाकूड मागं पडलं, तशी १९६० मध्ये तामियानं ‘यामातो’ या युद्धनौकेचा पहिला प्लॅस्टिक संच काढला. हेच शहर जून १९४५ मध्ये अमेरिकेच्या बी-२९ विमानांनी जाळलं होतं. आज तिथं दर मे महिन्यात मॉडेलांचं प्रदर्शन भरतं आणि जपानी मॉडेलकार अमेरिकन विमानंही तितक्याच निगुतीनं बनवतात. रशियन बरोबर की जपानी, असा निवाडा करायला मी बसलेलो नाही.

इथवर बाहेरचा इतिहास झाला. खरा इतिहास मात्र रंगाच्या डबीपाशी सुरू होतो. जपानच्या झिरो विमानाचा रंग कोणता? राखाडी, की पिवळट-हिरवट झाक असलेला? यावर माणसं वर्षानुवर्षं भांडत आलीयत. छायाचित्रं कृष्णधवल. त्यातही जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नसे, त्यामुळं लाल काळा उमटायचा आणि पिवळाही गडद यायचा. जंगलात सापडलेल्या अवशेषांचा रंग उन्हापावसानं बदललेला. १९४२ मध्ये अल्यूशियन बेटांवर एक झिरो जवळजवळ धड अवस्थेत अमेरिकनांच्या हाती लागलं. त्यांनी ते दुरुस्त करून उडवलं, पण त्याला रंग आपला दिला. एखाद्या छटेसाठी इतकी यातायात कशाला, असं कुणी विचारतं. मी गझल लिहितो. एक मात्रा कमी पडली म्हणून शेर आठवडाभर अडकवून ठेवणाऱ्या माणसाला हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही.

आमच्याकडे रविवारी पाच-सहा जण जमतात. दातांचे एक डॉक्टर आहेत, त्यांची निकामी झालेली अवजारं आम्हाला फार उपयोगी पडतात. आयटीआयमधून निवृत्त झालेले एक निदेशक आहेत. आणि वायुदलातून सार्जंट म्हणून निवृत्त झालेले आमचे दादा, ज्यांनी ‘अजीत’ विमानांवर प्रत्यक्ष काम केलंय. चाकांच्या खोबणीचा आतला रंग कोणता, यावर पुस्तक एक सांगतं आणि दादा दुसरं. “अहो, मी तिथं डोकं घालून वर्षं काढलीत,” असं ते म्हणाले की पुस्तक मिटतं. आमच्या लहानपणी, आयात परवान्यांच्या दिवसांत, असा संच म्हणजे कुणाच्या तरी आखातातल्या मामानं आणलेली अपूर्वाई. एनसीसीच्या वायुदल शाखेत एअरोमॉडेलिंग होतं, पण ते बहुतेक बाल्साच्या हलक्या लाकडाचं आणि उडवायचं. आता हवा तो संच घरपोच येतो, तरी सगळ्यांनी मिळून एकच पेटी उघडायची आमची सवय गेलेली नाही.

मध्यंतरी अशीच ‘हॉकर टेंपेस्ट’ची पेटी उघडली. सेंटॉरस इंजिनाचं, रुंद नाकाडाचं, दणकट विमान. या विमानाच्या काही संचांत चिन्हांचा जो कागद येतो, त्यावर भारताचीही चिन्हं असतात आणि पाकिस्तानचीही. पाण्यात भिजवायची आणि पंखावर सरकवायची ही चित्रं. आम्ही त्यांना डीकॅल म्हणतो. १९४७ मध्ये देश वाटला गेला तसं रॉयल इंडियन एअर फोर्सही वाटलं गेलं. काश्मीरच्या लढाईत भारताची टेंपेस्ट विमानं उतरली, आणि त्याच काळात पाकिस्तानच्या स्क्वाड्रनांतही टेंपेस्टच होती. इंजिन तेच, बांधणी तीच, कालपर्यंत एकाच छावणीतले यांत्रिक. फक्त वर्तुळ बदललं. त्या वर्तुळाचाही इतिहास पाहा. जपानी विमानांवर लाल गोळा असायचा, म्हणून ब्रह्मदेशाच्या आघाडीवर ब्रिटिश आणि भारतीय विमानांच्या चिन्हातला लाल ठिपका काढून टाकला होता, आपल्याच माणसानं गोळी घालू नये म्हणून. स्वातंत्र्यानंतर भारताच्या विमानांवर अशोकचक्र आलं, आणि १९५० पासून तिरंगी वर्तुळ. म्हणजे १९४८ चं टेंपेस्ट करायचं तर तिरंगी वर्तुळ लावून चालणार नाही, चक्रच हवं.

माणसंही अशीच वाटली गेली. इद्रिस हसन लतीफ आणि असगर खान हे दोघंही रॉयल इंडियन एअर फोर्सचे अधिकारी. असगर खान पाकिस्तानात गेले आणि १९५७ मध्ये तिथल्या वायुदलाचे प्रमुख झाले. हैदराबादचे लतीफ इथंच राहिले. १९५० च्या पहिल्या प्रजासत्ताक दिनी दिल्लीच्या आकाशातून गेलेल्या टेंपेस्ट विमानांच्या तुकडीचं नेतृत्व त्यांनी केलं. १९७८ ते १९८१ ते आपले हवाईदल प्रमुख होते आणि नंतर महाराष्ट्राचे राज्यपाल. २०१८ मध्ये ते गेले. असगर खानही त्याच वर्षी गेले.

पेटीत विमान एक, चिन्हं दोन देशांची. आमच्यात बराच खल झाला. डॉक्टर म्हणाले, दुसरी पेटी मागवू, दोन्ही करू. निदेशक म्हणाले, आधी एक तर नीट होऊ दे. शेवटी दादांनी चक्राचं डीकॅल कापून बशीतल्या पाण्यात टाकलं आणि ते सुटेपर्यंत कुणी फारसं बोललं नाही. हिरव्या-पांढऱ्या चिन्हांचा उरलेला कागद फेकायचा कुणाच्याच मनात नव्हतं. असे कागद कपाटात वर्षानुवर्षं पडले की त्यांवरचं पारदर्शक आवरण पिवळं पडतं, आणि त्यावर या छंदात एक जुना उपाय आहे: कागद पिशवीत घालून खिडकीच्या काचेला चिकटवून ठेवायचा, ऊन पिवळेपणा काढून घेतं. सध्या तो माझ्या पूर्वेच्या खिडकीला लावलेला आहे. दुसरी पेटी यायची आहे.