राजीखुशीनं दिलेली तलवार

मैत्रिणींनो, आई भवानी शिवरायांना तलवार देतेय, हे चित्र आपल्या घराघरांत आहे. तुळजापूरच्या वाटेवर कुणीतरी म्हणतंच, “ती तलवार लंडनला नेली.” खरं एवढंच, की इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात ‘जगदंबा’ नावाची एक तलवार आहे आणि ती कोल्हापूरच्या गादीकडून गेलेली आहे. ती महाराजांचीच का, यावर जाणकारांत वाद आहे. तो त्यांच्यावर सोडू. आज बोलायचंय ते ती गेली कशी यावर.

1875 साली राणी व्हिक्टोरियाचा थोरला मुलगा हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला. संस्थानिकांनी त्याला नजराणे दिले, त्यात ही तलवार होती. देणारे होते कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज. वय 12 वर्षं! दत्तक आलेलं लेकरू, आणि कारभारावर देखरेख इंग्रजांची. कागदावर मात्र शब्द पडला ‘भेट’. पुढं याच राजाला वेडा ठरवून अहमदनगरला ठेवलं. 1883 साली, ऐन विशीत, गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्याचा जीव गेला.

आपल्याकडं बहिणीकडून हक्कसोड लिहून घेतात, त्यातही ‘राजीखुशीनं’ असंच असतं. माहेर तुटेल म्हणून अंगठा दिला, हे त्या कागदात कुठं लिहायचं?

आफ्रिकेतल्या बेनिन राज्यात असला आडपडदासुद्धा नव्हता. हा मुलूख आज नायजेरियात येतो. 1897 साली इंग्रजी फौजेनं राजधानी घेतली, राजाला हद्दपार केलं आणि वाड्यातल्या पितळी, हस्तिदंती वस्तू हजारोंनी उचलल्या. तिथली राजमाता इदिया हिचा म्हणून ओळखला जाणारा हस्तिदंती मुखवटा अजून लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पण जर्मनीनं आपल्याकडं आलेल्या बेनिनच्या काही वस्तू 2022 साली नायजेरियाला परत केल्या. लुटीला निदान लूट म्हणता येतं. भेटीचं तसं नाही. “तुम्हीच दिली ना?” म्हटलं की मागणाऱ्याचं तोंड बंद.

हस्तिदंतावरून आपलं तेर आठवलं. तेरच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या मातीत सापडलेल्या जुन्या वस्तू जमवल्या. त्यात बाईची एक हस्तिदंती मूर्ती आहे. तिच्यासारखीच मूर्ती पार इटलीतल्या पॉम्पेईत सापडली, इतका इथला व्यापार लांबवर होता. हा संग्रह परदेशी गेला नाही. लामतुऱ्यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय तेरमध्येच आहे. गटाची सहल काढाल तेव्हा गोरोबाकाकांचं दर्शन झाल्यावर तिथंही जाऊन या.