१०,००० तास भरले की उस्ताद होता येतं का?

'१०,००० तास सराव करा, कोणतीही कला येईल' हे रील्समध्ये सर्रास ऐकायला मिळतं. हा आकडा माल्कम ग्लॅडवेल यांच्या २००८ सालच्या 'आउटलायर्स' या पुस्तकामुळे गाजला. मूळ अभ्यास मात्र १९९३ चा, बर्लिनमधल्या व्हायोलिन शिकणाऱ्यांवरचा. त्यातल्या सर्वोत्तम गटाने विसाव्या वर्षापर्यंत एकट्याने केलेला सराव सरासरी १०,००० तासांच्या आसपास होता. सरासरी! म्हणजे त्याच गटातल्या अनेकांचे तेवढे तास भरलेच नव्हते. संशोधक अँडर्स एरिक्सन यांचा भर तासांपेक्षा पद्धतीवर होता. अडतो तो तुकडा वेगळा काढायचा, सावकाश वाजवायचा, शिक्षकाने दाखवलेली चूक सुधारून पुन्हा वाजवायचा. येणारीच धून घोळवत बसणं यात मोडत नाही. हे काम इतकं थकवणारं, की चांगले वादक दुपारी डुलकीही जास्त काढत.