जनुक आहे, प्रथिन किती?

जालन्यात १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको सुरू केली आणि हे गाव बियाण्यांच्या नकाशावर आले. पुढे याच कंपनीच्या मेक-१२, मेक-१६२ आणि मेक-१८४ या संकरित बीटी वाणांना २६ मार्च २००२ रोजी केंद्रीय समितीने परवानगी दिली. देशात लागवडीस मान्यता मिळालेले हे पहिले जनुकांतरित पीक. शेतकऱ्याने त्याचा अर्थ सरळ लावला : बियाण्यात बीटी आहे, म्हणजे बोंडअळी मरणार.

पण अळी जनुकाने मरत नाही, प्रथिनाने मरते. पेशी जनुकावरून आधी संदेशवाहक आरएनएची चिठ्ठी उतरवते आणि त्या चिठ्ठीवरून प्रथिन घडवते. किती चिठ्ठ्या निघाल्या, त्या किती टिकल्या, एकेकीवरून किती प्रथिन झाले आणि झालेले किती लवकर मोडले, यावर शेवटचा हिशेब ठरतो. यीस्टवरील १९९९ च्या अभ्यासात चिठ्ठ्यांचे प्रमाण सारखे असलेल्या जनुकांच्या प्रथिनांत वीस पटींहून अधिक फरक दिसला होता.

बीटीच्या बाबतीत ही अडचण जुनीच. मुळात हे जनुक मातीतल्या जिवाणूचे. त्याची लिपी वनस्पतीच्या पेशीला नीट वाचता येत नसे आणि विष नगण्य तयार होई. १९९१ मध्ये मोन्सँटोच्या संशोधकांनी अशाच एका बीटी जनुकाची अक्षरे वनस्पतीच्या सवयीप्रमाणे बदलली. प्रथिन जवळजवळ तेच राहिले, पण तंबाखू आणि टोमॅटोत त्याचे प्रमाण शंभर पटींपर्यंत वाढले. व्यापारी बीटी कपाशी शक्य झाली ती या दुरुस्तीमुळे, आणि याची आठवण फारशी कुणी काढत नाही.

शेतातले मोजमाप मात्र उशिरा आले. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतील के. आर. क्रांती आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये बीटी संकरांतील क्राय१एसी प्रथिन मोजून प्रसिद्ध केले. ते पानांत सर्वाधिक होते. बोंडाची साल, पातीतली कळी, फुलातील बीजकोश या अळीच्या आवडीच्या जागी अपुरे. पेरणीनंतर ११० दिवसांनी ते अळी रोखण्यासाठी लागणाऱ्या, ग्रॅममागे १.९ मायक्रोग्रॅम या पातळीच्याही खाली जाई. मृगात पेरलेल्या कपाशीचे ११० दिवस म्हणजे सप्टेंबरची अखेर, झाड बोंडांनी लगडलेले असते तेव्हा. जनुक तेच, झाड तेच. प्रथिन मात्र ओसरलेले. ऑस्ट्रेलियातील अभ्यासात पाती लागल्यावर चिठ्ठ्याच कमी झालेल्या आढळल्या, तर चीनमध्ये कडक उष्णतेत पानांतील एकूण प्रथिनच घटते असे दिसले. माझ्या मते दोन्ही कारणे एकाच झाडात नांदू शकतात. भांडण लावण्याचे कारण नाही.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. भारतात बीटी बहुतांशी संकरित वाणांत आले, आणि जनुक एकाच पालकाकडून. त्यामुळे अशा झाडाच्या बोंडात स्वपरागीकरणाने धरलेल्या सरकीपैकी साधारण चौथा हिस्सा बीटीविना असतो. तिथे चिठ्ठीही नाही आणि प्रथिनही नाही. गुलाबी बोंडअळी नेमकी सरकी खाते. एकाच बोंडात तिला विषारी आणि बिनविषारी दाणे मिळतात, आणि प्रतिकारक्षमता वाढायला ही परिस्थिती पोषक ठरते, असे क्रांती यांनी वारंवार मांडले आहे. दोन प्रथिनांचे बोलगार्ड-२ हे २००६ मध्ये आले. तरीही २०१७ च्या हंगामात मराठवाड्यातल्या बोंडांत गुलाबी अळी निघाली, आणि अनेकांनी दिवाळीनंतरच्या वेचण्या सोडून उभ्या पऱ्हाटीत नांगर घातला.