पाटीवरचं शेवटचं गाव

कऱ्हाडच्या स्टेशनवर दुपार कलताना महाराष्ट्र एक्स्प्रेस येते. लहानपणी मी तिच्या डब्यावरची पाटी वाचायचो: कोल्हापूर – गोंदिया. कोल्हापूर ठाऊक होतं, मावशी तिथं राहायची. गोंदिया म्हणजे काय, असं विचारलं की घरातून एकच उत्तर यायचं, ‘लांब आहे.’ शाळेच्या भूगोलात ते गाव भात आणि विड्या एवढ्यावर उरकलेलं. एका राज्यातून तेराशेहून जास्त किलोमीटर धावणारी ही गाडी जिथं थांबते, त्या गावी आमच्या ओळखीतलं कुणीच गेलं नव्हतं.

मी आणि माझा एक मित्र शेवटी तिथं गेलो ते मे महिन्यात. सुट्टी मला तेव्हाच मिळाली. मित्र पक्षीवेडा. मारुती चितमपल्लींचं ‘नवेगावबांधचे दिवस’ वाचल्यापासून त्याला तो तलाव बघायचा होता. गोंदियाला उतरलो तेव्हा संध्याकाळ झाली होती, तरी फलाटावरच्या लोखंडी बाकाला हात लावता येत नव्हता. मित्र म्हणाला, “अरे, थंडीत येतात इकडे. पाहुणे पक्षी कधीच परत गेले असतील.” पुढचे दोन दिवस हे वाक्य त्यानं मला बऱ्याच वेळा ऐकवलं.

त्याचं खरंच होतं. मे म्हणजे इकडचा ऑफ-सीझन. पण हा ऑफ-सीझन कुणाचा, हा प्रश्न मला नंतर पडला.

गोंदियाच्या दक्षिणेला, अर्जुनी मोरगाव तालुक्यात नवेगावबांध आहे. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला. त्याआधी हे सगळं भंडारा जिल्ह्यात होतं. सकाळी सहालाच आम्ही तलावाच्या पाळीवर पोचलो. पाणी बरंच मागे सरलेलं, काठाला भेगाळलेल्या चिखलाचा रुंद पट्टा. मित्रानं दुर्बिणीतून बराच वेळ शोध घेतला आणि काही बगळे, पाणकावळे, दोन खंड्या मोजून ती खाली ठेवली. मी मात्र पाळीकडे बघत होतो. पाणी उतरल्यामुळे ती पायथ्यापर्यंत दिसत होती. डोंगरांमधल्या फटी मातीच्या भिंतींनी बुजवल्या, आणि सुमारे ११ चौरस किलोमीटरचा जलाशय तयार झाला. सिमेंट नाही, यंत्र नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं काम. तेव्हा नागपूरकर भोसल्यांचं राज्यही इथवर आलं नव्हतं.

बांधणाऱ्याचं नाव कोलू पाटील कोहळी. कोहळी ही वैनगंगेच्या खोऱ्यातली शेतकरी जात, तलाव बांधण्यात वाकबगार. त्यांच्याविषयी एक परंपरागत कथा आहे. चांद्याचा एक गोंड राजा काशीयात्रेला गेला, तिथं त्यानं या लोकांचं कसब पाहिलं आणि काही कुटुंबांना इकडे वस्तीला बोलावलं. कथेत इतिहास किती, हे ठरवणं अवघड. पण आपण बाहेरून, दुसऱ्याच मुलखातून इथं आलो, ही आठवण त्या समाजानं जपली आहे एवढं नक्की.

त्यांना इथं काय दिसलं असेल? पाऊस भरपूर, तेराशे मिलिमीटरच्या आसपास. पण तो चार महिन्यांत पडून जातो. धानाला बांधीत पाणी उभं लागतं. भादव्यात, आश्विनात पावसानं दोन-तीन आठवडे दडी मारली की ऐन निसवायच्या वेळी पीक हातचं जातं. तलाव हा त्या दोन-तीन आठवड्यांचा विमा. वर मोठा तलाव, खाली लहान बोड्या, मध्ये पाट. पाळीत ‘तुडूम’ नावाचा निकास असतो: वेगवेगळ्या उंचीवर भोकं, ती लाकडी गुट्ट्यांनी बंद केलेली. पाणी उतरेल तसं खालचं भोक उघडायचं. मित्र सिव्हिलचा डिप्लोमावाला. तुडूम समजून घेताना तो पहिल्यांदाच पक्ष्यांविषयी बोलायचा थांबला.

कोलू पाटलाचा पुढे देव झाला, कोलासूर. तलावाभोवतीच्या एका शिखरावर त्याचं ठाणं आहे. या शिखरांना ‘सात बहिणी’ म्हणतात, आणि पाळ उभारताना त्या बहिणींनी मदत केली अशी दंतकथा आहे. पाळीवर उभं राहून मला वाटलं, दंतकथा कदाचित विसरलेल्या लोकांचीही नोंद ठेवत असेल. एवढी माती एका पाटलानं वाहिलेली नाही. ती टोपल्यांनी डोक्यावरून आली असणार, आणि डोक्यावर टोपली म्हटल्यावर बायका आल्याच. त्यांची नावं कुठल्याही गॅझेटिअरमध्ये नाहीत. ‘सात बहिणी’ म्हणजे त्याच, असं मी सिद्ध करू शकत नाही. पण त्या डोंगरांकडे बघताना मला दुसरं काही सुचत नव्हतं.

आज या तलावांना ‘मालगुजारी तलाव’ किंवा नुसतं ‘मामा तलाव’ म्हणतात. हे नाव थोडं फसवं आहे. १८५३ मध्ये नागपूरचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, आणि नंतरच्या जमाबंदीत गावचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांना इंग्रजांनी जमिनीचे मालक करून टाकलं. गावाबरोबर तलावही त्यांच्या नावावर चढले. तलाव जुने, मालगुजारी नवी. त्या व्यवस्थेत वेठ होती, जुलूम होता. पण पाळ फुटली तर कुणी बघायची, याचं उत्तर गावाला माहीत होतं. दर उन्हाळ्यात गाळ निघायचा आणि तो खत म्हणून शेतात पडायचा.

१९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली. जायलाच हवी होती. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता, महाराष्ट्रात नव्हे. तलाव सरकारजमा झाले. लोक म्हणाले, पाणी आमच्या हक्काचं, पट्टी कशाची? सरकार म्हणालं, पट्टी नाही तर देखभालीला पैसा कुठला? या वादात गाळ साठत राहिला. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. मोठे पाटबंधारे खात्याकडे आणि शंभर हेक्टरांपेक्षा कमी सिंचनाचे जिल्हा परिषदेकडे, अशी पुढे वाटणी झाली. राजा गेला, मालगुजार गेला, कागदावर मालक बदलले. उन्हाळ्यात टोपली घेऊन उतरायचं कुणी, हा प्रश्न मात्र तिथंच राहिला.

त्याचं एक उत्तर आम्हाला दुसऱ्या दिवशी दिसलं. अर्जुनीकडे जाताना एका गावाबाहेर आटलेल्या तलावात दहा-बारा बायका बेशरमाची झुडपं मुळासकट उपटत होत्या. सकाळचे आठ वाजले होते आणि आमची पाण्याची बाटली गरम झाली होती. बेशरम एकदा तळ्यात शिरली की सगळं तळं व्यापते. तिच्यापायी स्थानिक पाणवनस्पती जातात, त्यांच्यात अंडी घालणारे, वाढणारे मासे जातात, आणि मासेमारीवर जगणाऱ्या ढिवरांची चूल थंडावते. या तालुक्यातल्या काही गावांत ढिवर समाजातल्या बायकांनीच पुढाकार घेऊन बेशरम काढली, तळ नांगरला, जुन्या पाणवनस्पती परत लावल्या. मासे पुन्हा दिसू लागले.

“एवढ्या उन्हात काहून आले?” त्यांच्यातल्या एका आजींनी आम्हाला विचारलं. फिरायला आलो, म्हटल्यावर त्या हसल्या. मी म्हटलं, तुम्ही तरी एवढ्या उन्हात कशा काम करता? “पानी भरलं का मग हे निघत नाही, बापू. उन्हारा हाय तोवरच काम.”

मला पाळीवरचा आदला दिवस आठवला. पाळ घालायची तर तळ कोरडा हवा. गाळ काढायचा तर तळ कोरडा हवा. तेंदूपत्ताही मे महिन्यातच तोडतात. पहाटे जंगलात गेलेली माणसं आम्हाला डोक्यावर पानांचे भारे घेऊन परतताना दिसली होती. या मुलखातली मोठी कामं उन्हाळ्यात होतात. तीनशे वर्षांपूर्वीची ती पाळही अशाच उन्हात उभी राहिली असणार. ऑफ-सीझन आमचा होता.

चितमपल्लीही इथं बाहेरूनच आले होते, सोलापूरहून, वनाधिकारी म्हणून. त्यांना सांगाती मिळाला तो माधवराव पाटील डोंगरवारांचा, कोहळी पाटलांच्या घरातला, एकेकाळचा शिकारी आणि पुढे जंगल राखणारा माणूस. मित्राला हे पुस्तकातून माहीत होतं. “ते इथं ऋतूमागून ऋतू राहिले,” तो म्हणाला. “आपण दोन दिवसांत पक्षी मागतोय.” थंडीतच यायला हवं होतं, हे मात्र त्यानं त्यानंतरही एकदा म्हटलंच.

परतीच्या आधी आम्ही गोठणगावला गेलो. इटियाडोह धरणाच्या जवळ, प्रतापगडाच्या परिसरात, १९७२ मध्ये वसवलेली तिबेटी निर्वासितांची वस्ती आहे, नोर्ग्येलिंग. झाडांमधून फडफडणाऱ्या रंगीत प्रार्थनापताका, बौद्ध मंदिर आणि वर विदर्भाचं ऊन. बर्फाच्या मुलखातून निघालेल्या माणसांना इथं जमीन मिळाली. कोहळ्यांची कथा तीनशे वर्षांपूर्वीची, ही पन्नास वर्षांपूर्वीची.

एका आजोबांनी ओसरीवर बसवून चहा दिला. मराठी स्वच्छ, थोडी इकडच्या हेलाची. लहानपणीचं सांगताना म्हणाले, इथल्या पहिल्या उन्हाळ्यात आई दिवसभर डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बसायची, आणि पाऊस कधी येतो ते शेजाऱ्यांना खुणेनं विचारायची. मग त्यांनी आम्हाला गाव विचारलं. कऱ्हाड, मी म्हटलं. आणि नेहमीच्या सवयीनं सांगायला लागलो, साताऱ्याच्या पुढे, कोल्हापूरच्या अलीकडे...

“माहीत आहे की,” ते म्हणाले. “स्वेटर विकायला यायचो आम्ही. स्टँडजवळ बसायचो.”

दर हिवाळ्यात ही वस्ती जवळजवळ रिकामी होते. माणसं गावोगाव गरम कपडे विकायला जातात आणि शेतीच्या दिवसांत घरी असतात. मला आमच्या स्टँडजवळची ती दुकानं आठवली. आईनं मला तिथूनच स्वेटर घेतला होता, घासाघीस करून. ही माणसं कुठून येतात, असं मी एकदा विचारलं होतं. ‘लांबून,’ असं घरी सांगितलं होतं. म्हणजे माझ्या स्वेटरवाल्याचं गाव कदाचित त्याच पाटीवरच्या गावाजवळ होतं. त्यांनी आमचा स्टँड पाहिला होता. आम्ही त्यांची ओसरी पन्नास वर्षांत पाहिली नव्हती.

गोंदियाच्या फलाटावर परतीची गाडी उभी होती. पाटीवर या वेळी शेवटचं नाव कोल्हापूर होतं. आमच्या समोरच्या बाकावर एक मुलगा आईला विचारत होता, कोल्हापूर कुठं आहे? ती म्हणाली, “लय दूर हाय.” मित्रानं पिशवीतून पाण्याची बाटली काढली, त्याच्यापुढे धरली आणि सांगायला सुरुवात केली.